सिनेमा कशासाठी काढलाय ते कानाला कळतं

एखादा मराठी सिनेमा लावा आणि पाच मिनिटं पडद्याकडे पाठ करून बसा. नुसतं ऐका. माणसं खोलीत बोलतायत की कपाटात? दाराबाहेर अंगण आहे की काहीच नाही? बाई रागाने ताट आपटते ते पितळेचं वाटतं की थर्माकोलचं? सिनेमा बरा आहे की नाही याचा अंदाज बहुतेक वेळा तेवढ्यावर येतो. आणि तो कशासाठी काढलाय, हेही कळतं.

'कथा चांगली हवी' हे सगळेच म्हणतात. हवीच. पण चांगल्या कथेचे सिनेमेही आपटतात, त्याचं काय?

पैसा कुठे जातो ते बघा. ड्रोनचा शॉट ट्रेलरमध्ये दिसतो, हिरो पोस्टरवर दिसतो, गाण्यातले पन्नास डान्सर दिसतात. साउंड कुठेच दिसत नाही. निर्मात्याला पोराला लाँच करायचंय, किंवा निवडणुकीआधी नाव व्हायला हवंय, किंवा त्याचा डोळा अनुदानावर आहे, तर पहिली कात्री इथेच लागणार. राज्य सरकारचं 'अ' दर्जाच्या सिनेमाला 40 लाख, 'ब' दर्जाला 30 लाख हे गणित मराठी निर्मात्यांना वर्षानुवर्षं पाठ आहे. अनुदान वाईट नाही, त्याच्या आधारावर चांगले सिनेमेही उभे राहिलेत. पण 'अनुदानात सुटलो पाहिजे' असं ठरवून बजेट मागून पुढे लिहीत आणलं, की साउंडवाल्याच्या वाट्याला एकच वाक्य येतं: "डबिंगमध्ये बघू."

लोकेशनवर आवाज नीट घ्यायचा म्हणजे किमान दोन माणसं लागतात, साउंड रेकॉर्डिस्ट आणि बूम ऑपरेटर. बूम, म्हणजे लांब काठीला लावलेला माइक, नटाच्या डोक्यावर, फ्रेमच्या कडेला अगदी चिकटून, तोंडाच्या रोखाने धरायचा. फ्रेम मोठी झाली की बूम वर सरकतो आणि आवाज लांबचा होतो. त्यामुळे वेळ वाचवायला वाइड आणि क्लोज असे दोन कॅमेरे एकदम लावले, की चेहरा जवळचा आणि आवाज विहिरीतला, अशी गत होते. मग लेपलचा आधार घ्यावा लागतो. लेपल म्हणजे अंगावर लावायचा छोटा माइक, तो कपड्याखाली असतो. खळ घातलेला सदरा किंवा कोरी सुती नऊवारी असेल तर प्रत्येक हालचालीला खर्रखर्र येते. म्हणून माइक मेडिकलच्या टेपने छातीवर चिकटवतात, वायरीला एक सैल वळसा ठेवतात आणि मुळात कॉस्च्युमवाल्याशी शूटच्या आधी बोलतात. हे बोलणं झालेलंच नसतं, आणि सेटवर लक्षात येतं तोपर्यंत कंटिन्युइटी लागलेली असते, म्हणजे आधीच्या शॉटमध्ये तेच कपडे दिसलेले असल्याने बदलता येत नाहीत.

पंखा बंद, शेजारचा मिक्सर बंद, फ्रीज बंद. फ्रीज बंद केला की साउंडवाला स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवतो. ही या धंद्यातली जुनी युक्ती. पॅकअपनंतर किल्लीसाठी फ्रीज उघडावाच लागतो, तेव्हा तो चालू करायचं आठवतं आणि घरमालकाचं दूध नासत नाही.

मग रूम टोन. सीन झाला की सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं आणि त्या खोलीचा रिकामा आवाज 30 ते 60 सेकंद रेकॉर्ड करायचा. एडिटमध्ये दोन वाक्यांमधली भोकं त्याने बुजवतात. सेटवरची सगळ्यात मोठी घाई नेमकी याच वेळी सुटते. असिस्टंट ओरडतो 'नेक्स्ट सेटअप', स्पॉटदादा खुर्च्या उचलतात. तो तुकडा नसला की प्रत्येक कटला मागचा आवाज टपकन बदलतो. प्रेक्षकाला काय खटकलं ते सांगता येत नाही. तो म्हणतो, "जरा सिरियलसारखं वाटलं."

'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट 1931 चा. स्टुडिओशेजारून रेल्वे जायची, म्हणून गाड्या थांबल्या की रात्री शूटिंग करायचे आणि माइक नटांच्या आसपास लपवून ठेवायचे. आवाज थेट फिल्मवर चित्रासोबतच नोंदला जात होता, नंतर बघायची सोयच नव्हती. आज सोय आहे, म्हणून भर दुपारी हायवेकडेला घर निवडतात. हसावं की रडावं!

डबिंगला नावं ठेवत नाहीये. पूर्वी कॅमेरेच इतके घरघरायचे की डबिंगशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि त्या काळातल्या नटांनी डबिंगमध्ये कमाल कामं केलीत. पण त्याला दिवस द्यावे लागतात. इथे हिरोला दोन दिवस आणि बाकी सगळ्यांना मिळून एक. पडद्यावर बाई दोन हंडे घेऊन चढ चढतेय, आणि आवाज एसी खोलीत, माइकपासून वीतभर अंतरावर, स्वस्थ उभं राहून दिलेला. ओठ जुळतात, धाप जुळत नाही. वर फोलेला, म्हणजे पावलं-भांड्यांचे आवाज स्टुडिओत नव्याने करून घ्यायला, पैसे नाहीत, म्हणून शेणाने सारवलेल्या जमिनीवरची चप्पल फरशीवर चालल्यासारखी वाजते. हे सगळं झाकायला वरून बॅकग्राउंड म्युझिक ओततात. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत व्हायोलिनं वाजतच असतात.

त्यात साउंड रांगेत शेवटचा. रिलीजची तारीख आधी जाहीर, एडिट लांबलं, तारीख तीच. आवाजाचं काम सुरू झाल्यावर कोणीतरी चार शॉट कापतो. एडिट लॉक, म्हणजे कापाकापी पक्की झाल्यावर 24 फ्रेमचा एक तुकडा काढला, तरी त्यापुढचे सगळे ट्रॅक एक सेकंद सरकवावे लागतात. दहा ठिकाणी कापलं की मिक्सिंगचे, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवायचे, दोन दिवस जुळवाजुळवीतच जातात.

म्हणून मला 'सिनेमा का काढताय' हा प्रश्न तात्त्विक वाटत नाही. टेक उत्तम गेला, नट खूश, कॅमेरा ओके, आणि वरून विमान गेलं. "साउंडसाठी अजून एक" असं म्हणायची ताकद सेटवर कोणाकडे आहे? ज्याला ते बोलणं डोक्यात ऐकू आलं म्हणून सिनेमा करावासा वाटला, तो दिग्दर्शक थांबतो. बाकीचे जेवणाची वेळ बघतात. 'कोर्ट'मध्ये न्यायाधीश मध्येच टायपिस्टला मजकूर सांगतो, त्या एकसुरी आवाजातच त्या व्यवस्थेची अर्धी गोष्ट येते. 'सैराट'च्या शेवटी ती छोटी रक्ताळलेली पावलं उमटत जातात तेव्हा थिएटरात काहीच ऐकू येत नाही. त्याआधी एवढी दणदणीत गाणी वाजलेली असतात, म्हणून ती शांतता अंगावर येते. सतत व्हायोलिन वाजणाऱ्या सिनेमात आवाज घालवला असता, तर लोकांनी स्पीकर बिघडला म्हणून शिट्ट्या मारल्या असत्या.

एक मात्र सिनेमावाल्यांच्या हातात नाही. मिक्सिंग थिएटरात फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, सातावर ठेवून आवाज बसवतात. बाहेर थिएटरवाले जाहिराती कर्कश वाजतात म्हणून तो पाचावर आणतात, म्हणजे साडेसहाएक डेसिबल गेले. पुटपुटलेले संवाद तिथेच बुडतात, आणि शिव्या नटाला बसतात. तेव्हा संवाद पोचत नसतील तर मध्यंतराची वाट न बघता बाहेर जाऊन मॅनेजरला फेडर किती आहे ते विचारा. आकडा ऐकला की तो बहुतेक मुकाट्याने वाढवतो.