शाळेची जागा रहिवासात घालू नका

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पेपरातल्या जाहीर नोटिशीचा फोटो टाकला. आमच्या बंद पडलेल्या शाळेचा भूखंड सार्वजनिक-निमसार्वजनिक वापरातून काढून रहिवास विभागात घ्यायचा प्रस्ताव आहे. नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात फेरबदल, हरकती-सूचनांना एक महिना. आणि खाली पहिली प्रतिक्रिया काय, तर "चला, आपल्या फ्लॅटचे भाव वाढणार!" त्यावर धडाधड अंगठे. डोकंच फिरलं माझं.

अरे, शाळा आहे ती. पटसंख्या घटली, संस्थेने वर्ग बंद केले, गेटला कुलूप लागलं, सगळं खरं. म्हणून लगेच टॉवर?

माझे बाबा त्या शाळेत शिकले. लहानपणी नाही, मी तिथे शिकत होते तेव्हाच. दिवसा आमची शाळा भरायची आणि संध्याकाळी त्याच वर्गांत रात्रशाळा. बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, कारखान्यात लेथवर होते. फर्स्ट शिफ्ट करून घरी आले की रॉकेलच्या बोळ्याने हाताचं ग्रीस काढायचे, मग साबण लावून परत धुवायचे, कारण वहीवर डाग पडलेला त्यांना खपायचा नाही. बाक तिसरीच्या पोरांचे. गुडघे आत मावायचे नाहीत, म्हणून पाय बाहेर काढून आडवे बसायचे. सकाळी आम्ही वर्गात शिरलो की फळ्याच्या कोपऱ्यात खडूने चौकट आखलेली दिसायची, आत एखादं समीकरण आणि खाली 'पुसू नये, रात्रशाळा'. आमच्या बाई तेवढी चौकट सोडून उरलेल्या फळ्यावर शिकवायच्या.

बाबा दहावी झाले, मग सुपरवायझर झाले, आणि त्या पगारावर कर्ज काढून त्यांनी हा फ्लॅट घेतला. ज्याचे भाव वाढणार म्हणून आज ग्रुपवर आनंद चाललाय, तोच.

संस्था म्हणते, जमीन आमच्या मालकीची. कागदावर असेलही. पण विकास आराखड्यात ती जागा शाळेची म्हणून दाखवली, म्हणून तर इतकी वर्षं तिथे मैदान टिकलं. आराखड्यातला एक रंग बदलला की त्याच जमिनीची किंमत कुठल्या कुठे जाते. ती वाढलेली किंमत कुणी कमावली? संस्थेने नाही, बिल्डरने तर नाहीच. आजूबाजूला शहर वाढलं, रस्ते झाले, तुम्ही-आम्ही कर भरले, त्याची ती किंमत आहे. आणि ती एकट्यादुकट्याच्या खिशात जाणार.

घरं लागतात, मान्य. माझा भाचा ठाण्यात जन्मला, ठाण्यात वाढला आणि लग्न झाल्यावर बदलापूरला गेला, कारण इथे वन-बीएचके झेपेना. पण या टॉवरमधलं घर तरी त्याला परवडणार आहे का? त्याच्या नावाने गळे काढू नका. आणि ही नवी घरं भरली की त्यातली पोरं जाणार कुठे? शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा मिळायला हवी. एकीकडे माणसं वाढवायची, दुसरीकडे शाळेची जागा विकायची, हा कुठला हिशोब?

"पालकच इंग्रजीच्या मागे लागले, मराठी शाळा ओस पडल्या," असं एक मित्र म्हणाला. बरोबर आहे त्याचं. पण वर्ग रिकामे झाले म्हणून गरज संपली का? आमच्या गेटवर रात्रपाळीला असलेला मुलगा खुर्चीत मोबाइलवर बारावीचे धडे बघतो. मधेच गाडी आली की फोन खिशात टाकून बूम वर करायला उठतो. वागळेतले लेथ गेले, ऑफिसं आली, पण दिवसभर राबून रात्री शिकू बघणारी माणसं कुठे गेली नाहीत. त्यांना बाबांसारखा एक बाक आणि एक फळा लागतो, एवढंच. तिथे रात्रशाळा करा, अभ्यासिका करा, बालवाडी करा, दवाखाना करा. जागा आहे, मैदान आहे, भिंती उभ्या आहेत.

आता कुणीतरी सांगेल, बिल्डर सुविधा देणार आहे. पार्किंगच्या कडेला एक हॉल, आणि तिथे पोचायला आधी सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये नाव लिहा. दिवसभर डिलिव्हरी करून दमलेला पोरगा त्या गेटातून आत जाईल, असं खरंच वाटतं का कुणाला?

संस्थेच्या जुन्या लोकांवर फार तिखट लिहिणार होते, पण हात थांबला. त्यांनीही आयुष्य घातलंय या शाळेत. इमारत गळते, पैसा नाही, शिकवणारे निवृत्त झाले. मग ते तरी उघड सांगा, आम्ही माजी विद्यार्थी मेलो नाही अजून. परस्पर प्रस्ताव कशाला? पेपरातल्या बारीक टायपात आम्हाला हे कळावं, याचंच जास्त लागलंय.

तर ऐका. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे या महिन्याभरात कुणीही लेखी हरकत देऊ शकतं. त्यासाठी वकील लागत नाही. आपलं नाव, पत्ता, नोटिशीतला सर्व्हे नंबर, हरकतीचं कारण आणि सही. महापालिकेच्या आवक कक्षात द्यायची आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. नंतर सुनावणी लागली की स्वतः हजर राहायचं. शेवटची मंजुरी राज्य सरकार देतं, त्यामुळे फाइलमध्ये आपलं म्हणणं कागदावर असायला हवं. ग्रुपवरचे लाल चेहरे तिथे जात नाहीत. आणि नुसतं 'विरोध आहे' असं लिहू नका. जागा सार्वजनिक वापरातच ठेवा, हे स्पष्ट मागा.

माझी हरकत लिहून झाली आहे. बाबा त्यांची वेगळी देणार आहेत, रात्रशाळेचा माजी विद्यार्थी म्हणून. सोमवारी सकाळी अकराला आम्ही दोघं जातोय. नमुना हवा असेल तर इनबॉक्स करा, पाठवते. ज्यांनी सकाळी अंगठे दिले त्यांनीही या. भांडण असेल तर रांगेत उभं राहून भांडू.