स्लायडर सरकवायच्या आधी अंदाज लिहून घ्या

फर्स्ट इयरचं फिजिक्स ऑनलाइन टूल्सने शिकवावं की नाही हा वाद आता जुना झाला, सगळेच वापरतात, मीही वापरते. माझं भांडण वेगळं आहे. कुठलं टूल घ्यायचं यावर मीटिंगांवर मीटिंगा होतात, पण ते टूल उघडायच्या आधी मुलांना काय विचारायचं यावर कोणी पाच मिनिटंसुद्धा घालवत नाही. आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

फेटची (PhET) सिम्युलेशन्स घ्या, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग. कोलोराडो युनिव्हर्सिटीत कार्ल वाईमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला (२००१ चं फिजिक्सचं नोबेल मिळालेले तेच वाईमन). फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, झकास बनवलंय. त्यातलं सर्किटवालं उघडून मुलांना नुसतं "करून बघा" म्हणा, काय होतं? बॅटऱ्यांवर बॅटऱ्या जोडतात, आग लागते, हसतात, बंद करतात. हसू दे, आग मस्तच दाखवलीय, पण त्यातून करंटबद्दल काय कळलं विचाराल तर काहीच नाही.

आता तेच सिम्युलेशन, पण लॅपटॉप मिटलेले. बॅटरी एक, बल्ब दोन, एकदम सारखे, सिरीजमध्ये. कुठला जास्त उजळेल? कागदावर लिहा, आणि का तेही लिहा. दरवेळी वर्गातली बरीच मंडळी लिहितात की पहिला, कारण करंट पहिल्या बल्बमध्ये थोडा "खर्च होतो" आणि उरलेला पुढे जातो. बरं, ओहमचा नियम यांना पाठ आहे, गणितं सुटतात, तरी आत कुठेतरी हे बसलेलं असतंच. मग लॅपटॉप उघडायचे. दोन्ही बल्ब सारखेच पेटतात, ते छोटे निळे इलेक्ट्रॉन बॅटरीपासून परत बॅटरीपर्यंत सगळीकडे एकाच चालीने सरकत असतात, आणि कोणीतरी बॅटरी उलटी लावून बघतं की आता तरी माझा बल्ब जिंकतो का. हे बॅटरी उलटी लावणं मला हवं असतं, कारण तिथे ते मूल स्वतःच्या डोक्यातली कल्पना तपासत असतं, माझी नाही.

कोलोराडोतच झालेला २००५ चा एक अभ्यास आहे, त्यात लॅबमध्ये खऱ्या वायरी-बल्बऐवजी सिम्युलेशनवर काम केलेली मुलं कल्पनांच्या प्रश्नांत तर पुढे होतीच, पण नंतर खरं सर्किट जोडण्यातही पुढे होती. हा निकाल दाखवून लॅब बंद करा म्हणणारेही भेटतात, त्यांना माझा साष्टांग नमस्कार. सिम्युलेशनमधली बॅटरी आदर्श असते, तिचा अंतर्गत रोध (बॅटरीच्या आतच करंटला होणारा अडथळा) तुम्ही स्वतः वाढवेपर्यंत शून्य. त्यामुळे पॅरललमध्ये कितीही बल्ब लावा, आधीचा जराही मंद होत नाही. खऱ्या टेबलावर तो होतो. आधी स्क्रीन आणि मग टेबल असं केलं की मुलंच विचारतात हे असं का, आणि अंतर्गत रोधाचा जो टॉपिक एरवी फळ्यावर रडतखडत शिकवावा लागतो तो आपोआप निघतो.

व्हिडिओंचं तर विचारूच नका. डेरेक मुलर (यूट्यूबवरच्या व्हेरिटासियम चॅनलवाले) यांची सिडनी युनिव्हर्सिटीतली २००८ ची पीएचडी याच विषयावर आहे. सरळ, स्वच्छ समजावलेला व्हिडिओ मुलांना आवडतो, "क्लिअर आहे" म्हणतात, आणि टेस्टमध्ये जवळपास आधी होते तिथेच असतात. ज्या व्हिडिओत नेहमीच्या चुकीच्या समजुती आधी बोलून दाखवल्या आणि मग खोडल्या, तो बघणाऱ्यांना गोंधळल्यासारखं झालं पण शिकले तेच जास्त. म्हणून फीडबॅक फॉर्मवर "व्हेरी क्लिअर" आलं की मी फार खूश होत नाही.

मोबाइल मात्र मला सगळ्यात जास्त आवडतो आणि त्याचा वापर सगळ्यात कमी होतो, का ते मला कळत नाही. जर्मनीतल्या आखेन युनिव्हर्सिटीचं फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, फोनमधले सेन्सर उघडून देतं. फोन टेबलावर ठेवा, ॲक्सिलरेशन मोजा, ग्रॅव्हिटी धरून दाखवणारा पर्याय घ्या. अंदाज? "शून्य, हलतच नाहीये ना." स्क्रीनवर ९.८ (मीटर प्रति सेकंद वर्ग, ग्रॅव्हिटीचा आकडा) च्या आसपास. आता फोन जाड गादीवर सोडा. पडताना किती? "९.८!" आणि ग्राफ तेवढ्या क्षणापुरता शून्याजवळ येतो, मग गादीवर आपटल्याचा उंच टोकदार शेंडा. वर्गात गलका होतो. सेन्सर नेमकं काय मोजतो (फोनला आधार देणारा रेटा, जो पडताना नसतोच) यावर जी चर्चा सुरू होते ती आवरता आवरत नाही, आणि वजनरहित अवस्था म्हणजे काय हे कोणाला वेगळं सांगावं लागत नाही.

राहिला ऑनलाइन होमवर्क, आपोआप तपासला जाणारा. मास्तरांचे तास वाचतात हे मान्य. पण प्रत्येकाला वेगळे आकडे दिले म्हणून कॉपी थांबते असं समजणारे भोळे आहेत, फॉर्म्युला तर एकच असतो ना. त्यात चार-पाच अटेम्प्ट दिले की आधी मायनस लावून बघतात, मग साइनच्या जागी कोसाइन, एकदाचं हिरवं टिक आलं की पुढचा प्रश्न. आणि आता तर एआयला फोटो पाठवला की अख्खी पायरीवार उत्तरं मिळतात. होमवर्कमध्ये पैकीच्या पैकी, पण ट्रक आणि छोटी कार धडकली तर जास्त बल कोण कोणावर लावतं हा १९९२ पासून वापरात असलेल्या फोर्स कॉन्सेप्ट इन्व्हेंटरीतला (बलाबद्दलच्या कल्पना तपासणाऱ्या चाचणीतला) साधा प्रश्न विचारला की निम्मा वर्ग ट्रक म्हणतो, खरं तर दोन्ही बलं सारखीच असतात.

मी आता ऑनलाइन होमवर्कला नावापुरतेच मार्क ठेवलेत. त्याऐवजी लेक्चरच्या आदल्या रात्री एकच प्रश्न टाकते, खाली मोकळा बॉक्स, दोन ओळींत कारण लिहा, चूक-बरोबरला मार्क नाहीत, लिहिलं की मिळाले. मोठ्या वर्गात सगळी उत्तरं वाचणं शक्य नाही, मी वरवर चाळते आणि तीन-चार उचलते, शक्यतो एकमेकांशी भांडणारी. लेक्चरला ती उत्तरं, मुलांची नावं काढून, स्क्रीनवर लावते, मत द्यायला लावते, मग शेजाऱ्याशी वाद घाला म्हणते आणि परत मत घेते. ट्रकवाल्या दिवशी मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलंच, "मॅडम, पण चेपली तर कारच ना!" मग बल आणि त्याने झालेला परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी कशा, हे वर्गानेच त्याला समजावलं. मी मध्ये फक्त दोन्ही गाड्यांची मासेस (वस्तुमानं) फळ्यावर लिहिली.