खोक्यावरचे १२०० डीपीआय

लेझर प्रिंटरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला १२०० डीपीआय, म्हणजे इंचाला १२०० ठिपके, हा आकडा आणि त्याच प्रिंटरमधून बाहेर पडणारा कागद यांचा एकमेकांशी काही संबंध असावा, अशी अपेक्षा ठेवणे हा गुन्हा आहे काय? बिले आणि अर्ज छापणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, हे मान्य. परंतु ज्याला घरी सर्किट बोर्ड करायचा आहे, म्हणजे टोनर, ही प्रिंटरची काळी पूड, चकचकीत कागदावरून इस्त्रीने तांब्यावर उतरवायचा आणि उघडे राहिलेले तांबे फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवायचे आहे, त्याला एकेका ठिपक्याचा हिशेब ठेवावा लागतो.

हा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. ६०० डीपीआयला एक ठिपका सुमारे ०.०४२ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे १० मिलच्या, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागाइतक्या रुंद ट्रॅकमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेत, नेमके सहा ठिपके बसतात. ८ मिलला मात्र ४.८ ठिपके येतात, आणि ०.८ ठिपका छापता येत नसल्याने एक ट्रॅक पाच ठिपक्यांचा, तर शेजारचा चारच ठिपक्यांचा निघू शकतो. त्यावर इस्त्रीखाली टोनर पसरला, की दोन ट्रॅकमधली फट बुजलीच म्हणून समजा. खरे १२०० डीपीआय मिळाले तर ही ओढाताण निम्मी होईल, आणि नेमक्या याच आशेवर माणूस जास्त पैसे मोजतो.

मिळते काय? बारीक अक्षरांतली तळटीप सांगते, की यंत्र ६०० चेच आहे आणि कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून लेझर चालू-बंद होण्याची वेळ तेवढी बारकाईने बदलली जाते. अक्षरे त्याने देखणी होतात, नाही असे नाही. पण ही करामत लेझर फिरतो त्या आडव्या दिशेत चालते. कागद सरकतो त्या दिशेत ओळींमधले अंतर आहे तेवढेच राहते. मी ५, ६, ८, १० आणि १२ मिलच्या रेघा, तेवढ्याच फटी सोडून, आडव्या, उभ्या आणि तिरप्या अशा एका पानावर छापल्या आणि भिंगाखाली धरल्या, तेव्हा एका दिशेतल्या ६ मिलच्या रेघा बऱ्यापैकी सुट्या होत्या आणि दुसऱ्या दिशेतल्या एकमेकींना चिकटून त्यांचा काळा पट्टा झाला होता. ग्राहक सेवेला हे कळवले, तर पलीकडून अत्यंत नम्रपणे सुचवण्यात आले, की फॉन्टचा आकार वाढवून पाहा.

ड्रायव्हरचा, म्हणजे संगणकातल्या प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आगाऊपणा तर वेगळाच. टोनर वाचवण्याची सोय न विचारता चालू, आणि पान कागदात बसवण्यासाठी चित्र ९७ टक्क्यांवर आणण्याचा उपकारही न विचारताच! ४० पायांच्या आयसीच्या, म्हणजे चिपच्या, एका रांगेत पहिल्यापासून शेवटच्या पायापर्यंत ४८.२६ मिलिमीटर अंतर असते. ९७ टक्क्यांवर ते ४६.८१ होते, आणि भोके पाडून झाल्यावर आयसीचे पाय वाकवत बसण्याखेरीज हाती काही उरत नाही.

बाहेरून छापून घ्यावे, तर झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ व्हॉट्सॲपवर मागतात, ती मोबाइलवर उघडून स्क्रीनशॉट काढतात आणि तोच छापतात. कडा करवतीसारख्या झाल्याचे दाखवले, की उत्तर ठरलेले: "साहेब, सगळं दिसतंय की स्पष्ट!" आणि जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत उघड्यावर पडलेला कागद इतका दमट असतो, की मोठ्या काळ्या भागात टोनर धड बसत नाही, तिथे सुईच्या टोकाएवढी पांढरी छिद्रे राहतात आणि फेरिक क्लोराइड नेमके तिथूनच तांबे खाते.

मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, तांब्याचा कोरा बोर्ड, फेरिक क्लोराइड, बारीक ड्रिल, सगळे एका फेरीत मिळते. मिळत नाही तो फक्त प्रिंटरबद्दलचा खरा आकडा. खोक्यावर चकचकीत फुलांचे चित्र छापायला जागा आहे, तर तिथेच दोन ओळींत लिहा ना, की हे यंत्र दोन्ही दिशांनी किती बारीक रेघ आणि किती बारीक फट सुटी छापते.