गेटच्या आत-बाहेर

पुतणी यंदा दहावीला आणि तिचं इंग्रजी माझ्या गळ्यात. परवा म्हणाली, "काका, 'गेट' म्हणजे काय रे?"

मटार सोलता सोलता आईनंच उत्तर दिलं, "मिळणे. त्यात काय एवढं?"

"मग 'गेट अप' म्हणजे उठणं कसं? 'गेट वेल' म्हणजे बरं होणं, 'गेट मॅरिड' म्हणजे लग्न करणं!"

"लग्न करून बरं झालेलं मी तरी कुणी पाहिलं नाही," आई मटारांना म्हणाली.

अप्पा बळवंत चौकातून आणलेला जाडजूड शब्दकोश उघडला. पानं उलटतात, 'गेट' काही संपत नाही. बरं, हा मूळचा इंग्लंडचाही नव्हे. इ. स. ७९३ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या वायकिंग दर्यावर्द्यांनी इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नच्या मठावर धाड घातली, पुढे त्यांच्यातले बरेच जण तिथंच राहिले आणि त्यांच्या नॉर्स भाषेतला 'गेटा' इंग्रजीत शिरला. भाडेकरू म्हणून आला आणि अख्खा वाडा बळकावून बसला. पेठेतल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

भूतकाळाचं आणखी त्रांगडं. पाठ्यपुस्तकात 'गॉट', तिच्या अमेरिकन मालिकांत 'गॉटन'. पेपरात मुकाट्यानं 'गॉट' लिही म्हटलं. खरं तर 'गॉटन' जुनंच रूप. इंग्लंडनं बहुतेक टाकून दिलं, अमेरिकेनं जपलं. पण हे तिला सांगितलं असतं तर ती बोर्डाशी भांडायला निघाली असती.

"बसला 'गेट ऑन' आणि कारला 'गेट इन' का?"

"ज्यात उभं राहून चालता येतं, त्याला ऑन."

"संध्याकाळी पीएमपीत कुठे चालता येतं? आणि रिक्षाला?"

"इन. पण आधी रिक्षावाल्यानं हो म्हणावं लागतं."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा चेन्नईचा मुलगा आला. नोकरी हिंजवडीत, मराठी शिकायचा भारी उत्साह.

"आजी, 'लागणे' म्हणजे काय? भूक लागते, ठेच लागते, फोन लागतो, निकाल लागतो. काल ऑफिसात एक जण म्हणाला, वाट लागली. मी विचारलं, कुठली वाट?"

पुतणी शब्दकोश मिटून सरसावली. "डोळा लागतो, नाद लागतो, आंबा गोड लागतो, दार लागतं..."

"सोपं आहे रे," आई म्हणाली. "त्याला काय डोकं लागतं?"

तो वही काढायला लागला.