तुमचा अनुभव कुणाला सांगू नका

डिस्चार्ज मिळाला? अभिनंदन! आता चार-सहा दिवसांत फोन येईल, नाहीतर मोबाईलवर लिंक: 'आमच्याकडचा अनुभव कसा होता?' उत्तर द्यायचं नाही. एवढं सोसलं ते काय फुकट वाटून टाकायला?

फोन आला की 'मीटिंगमध्ये आहे' म्हणा. सक्तीच्या विश्रांतीवर असलात तरी चालतं. फारच मागे लागले तर मुलाकडे द्या. तो तीन दिवस बिलाच्या खिडकीपाशी नि पार्किंगमध्ये होता. वॉर्डातल्या रात्रींबद्दल बेधडक 'उत्तम' सांगेल.

अमेरिकेत यासाठी एचकॅप्स नावाची सरकारी प्रश्नावलीच आहे. घरी गेल्यावर 48 तास ते सहा आठवडे, या काळात विचारतात: नवं औषध कशासाठी ते सांगितलं का? रात्री खोलीभोवती शांतता होती का? हॉस्पिटलवार निकाल 2008पासून जाहीर होतात. असला उघडेपणा आपल्याला नको. रात्री दोनला ट्रॉलीची खडखड पुढच्या पेशंटने ऐकली नाही, तर आपण काय भोगलं ते त्याला कळणार कसं?

आकडा द्यावाच लागला तर मोठ्या मनाने आठ द्या. शाळेत दहापैकी आठवाला हुशार असायचा. 'इतरांना आमची शिफारस कराल का?' या 0 ते 10च्या प्रश्नाचा रूढ हिशोब मात्र वेगळा: 9-10वाले चाहते, 6पर्यंतचे सगळे नाराज, आणि 7-8वाले ना इकडचे ना तिकडचे. (हा हिशोब 2003मध्ये धंद्यातलं गिऱ्हाईक मोजायला निघाला, पेशंटला तो नंतर चिकटला.) म्हणजे आठ दिलेत की उत्तर दिल्याचं पुण्यही मिळतं आणि कुणाची झोपही उडत नाही.

शेवटच्या मोकळ्या चौकटीत 'ओके' लिहा. टाक्यांना पाणी लागलं तर चालेल का, हे विचारल्यावर डॉक्टर म्हणाले 'सिस्टरना विचारा', सिस्टर म्हणाल्या 'डॉक्टरांना विचारा', हे तिथे चुकूनही लिहू नका. कुणी वाचलं तर डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ वाढायची! तो किस्सा भेटायला येणाऱ्या मावशीसाठी ठेवा. तिचा त्याहून भारी असतो, ही गोष्ट वेगळी.

तुम्ही गप्प, तर बोलतं कोण? बरेचसे भारावलेले, नाहीतर भडकलेले. जो पुन्हा ॲडमिट झालाय, ज्याला स्क्रीन वाचता येत नाही, तो बहुधा मोजणीत नसतोच. टक्केवारी तरीही निघते, आणि तिचा बोर्ड लिफ्टशेजारी लागतो. पुढच्या खेपेला स्ट्रेचरवरून निवांत वाचा: 'आमचे बहुसंख्य रुग्ण समाधानी'. लिफ्ट यायला वेळ लागतोच.