रोममध्ये नाव काढायचंय?

इ.स.पू. पहिल्या शतकातल्या रोममध्ये, बऱ्यापैकी खानदानी घरात तुम्हाला मुलगा झाला असेल तर आधी अभिनंदन. आता नावासाठी रात्री जागवू नका. नवव्या दिवशी बाळाची शुद्धी करून नाव ठेवायचं असतं, पण त्यासाठी डोकं चालवायला कुणी सांगितलेलं नाही. बाप मार्कस, आजा मार्कस, तर थोरला मार्कसच. धाकट्यांसाठी गायस, लुसियस, पब्लियस, क्विंटस अशी सगळी मिळून जेमतेम अठराएक नावं वापरात आहेत, आणि त्यातली तीन-चारच तुमच्या घराण्यात चालतात. ‘काहीतरी युनिक हवं’ असं म्हणणाऱ्या आत्याला इथे काही काम नाही. शिलालेखावर तर अख्खं नाव खोदायचीही गरज पडत नाही, एक-दोन, फार तर तीन अक्षरांत भागतं.

यादी आणखी आखूड करायची सोयही आहे. क्लॉडियस घराण्यातले दोन लुसियस दोषी ठरले, एक वाटमारीत आणि दुसरा खुनात. घराण्यानं ताबडतोब कडक पाऊल उचललं आणि लुसियस हे नाव टाकून दिलं. मॅनलियसांचा एक मार्कस राजा व्हायला बघतो या आरोपावरून टार्पियन कड्यावरून ढकलला गेला. त्यानंतर त्या घरात मार्कस बंद. घराण्याची अब्रू सांभाळायचा याहून स्वस्त इलाज माझ्या तरी पाहण्यात नाही.

पहिलं नाव घराण्याच्या यादीतलं, दुसरं कुळाचं, तेव्हा या दोन्हींत तुमची निवड शून्य. तिसऱ्याची मजा वेगळी. ते बहुतेकदा कुठल्याशा पूर्वजाच्या अंगातली खोट बघून गावानं ठेवलेलं असतं आणि पुढच्या सात पिढ्यांनी ते सरकारदरबारी मिरवायचं असतं. क्रॅसस म्हणजे जाड्या, कॅल्वस म्हणजे टकल्या. सेनापती पॉम्पीच्या वडिलांचं नाव स्ट्रेबो, म्हणजे चकणे. कवी ओव्हिडचं नासो, म्हणजे नाकाड्या. लाजू नका. ग्नायस कॉर्नेलियस स्किपिओ आसिना, म्हणजे चक्क गाढवीण, इ.स.पू. २६० मध्ये कॉन्सल (वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी) झाला, लिपारी बेटापाशी शत्रूच्या, म्हणजे कार्थेजवाल्यांच्या हाती सापडला आणि सहा वर्षांनी परत कॉन्सल झाला. मतदार नावावर जात नाहीत, कामावरही जात नाहीत.

वक्ता आणि राजकारणी सिसेरोचा कित्ता गिरवा. त्याचं नाव हरभऱ्यावरून आलं. कुणा पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती, असं चरित्रकार प्लूटार्क सांगतो. राजकारणात उतरताना मित्रांनी काळजीपोटी सुचवलं, बाबा रे, हे नाव बदल. तो म्हणाला, स्कॉरस आणि कॅटुलस या नावांपेक्षा मी हे नाव मोठं करून दाखवीन. (स्कॉरस म्हणजे सुजलेल्या घोट्यांचा आणि कॅटुलस म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. स्पर्धा तशी बेताचीच होती.) पुढे सिसिलीत अधिकारी असताना त्यानं देवाला चांदीचं भांडं वाहिलं, त्यावर ‘मार्कस टुलियस’ कोरून घेतलं आणि तिसऱ्या नावाच्या जागी एक हरभरा काढायला लावला. तुमच्या घरात हरभरा नसेल तर लेंटुलसांकडे मसूर आहे.

लढाई जिंकलात तर चौथं नाव मिळतं, जसं कार्थेजचा सेनापती हॅनिबल याला आफ्रिकेत हरवणाऱ्या स्किपिओला आफ्रिकानस मिळालं. हरलात तरी खचू नका. मार्क अँटनीचे वडील चाच्यांचा बंदोबस्त करायला गेले आणि क्रीटवाल्यांकडून मार खाऊन बसले. लोकांनी त्यांना क्रेटिकस, म्हणजे ‘क्रीटचा विजेता’, करून टाकलं.

मुलगी झाली तर एवढाही व्याप नाही. कुळाचं नाव घ्या, त्याचं स्त्रीलिंग करा, झालं. ज्युलियस सीझरची आत्या ज्युलिया, दोन्ही बहिणी ज्युलिया आणि मुलगीही ज्युलिया. अगदीच अडलं तर थोरली-धाकटी म्हणा, किंवा पहिली, दुसरी, तिसरी. लग्नानंतर तिचं नाव बदलत नाही, हे पाहून कुणी रोमन लोकांना पुरोगामी म्हणेल. बदलायला मुळात तिचं स्वतःचं असं काही ठेवलेलंच नसतं.

कूळच अडचणीचं ठरलं तर दत्तक जा. राजकारणी पब्लियस क्लॉडियसला ट्रिब्यून, म्हणजे सामान्यांच्या बाजूचा अधिकारी, व्हायचं होतं आणि ते पद फक्त प्लेबियनांना, म्हणजे सामान्य कुळांतल्यांना खुलं. हा पडला उच्चकुलीन. मग इ.स.पू. ५९ मध्ये तो फॉन्टेयस नावाच्या प्लेबियनाला दत्तक गेला. हे नवे वडील मुलापेक्षा वयानं लहान होते. रीतीप्रमाणे वडिलांचं नाव लावायला हवं होतं, तेवढं मात्र त्यानं लावलं नाही. पद पुढच्याच वर्षी मिळालं.

आणि गुलाम असाल तर खानदानी नावाचा सर्वात सोपा रस्ता तुमचाच. मालकानं मुक्त केलं की त्याचं पहिलं आणि कुळाचं नाव तुमचं. सिसेरोचा लेखनिक टायरो असाच मार्कस टुलियस टायरो झाला. हुकूमशहा लुसियस कॉर्नेलियस सुल्लानं तर दहा हजारांहून अधिक तरणेबांड गुलाम एका फटक्यात मुक्त केले आणि ते सगळे कॉर्नेलियस झाले. जुन्या कॉर्नेलियसांनी यावर नाक मुरडू नये. हे गुलाम ज्यांचे होते त्या मालकांची नावं सुल्लानं आधी फोरममधल्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकातल्या फलकावर लावली होती, आणि फलकावरच्या माणसाला मारून आणणाऱ्याला दोन टॅलेंट (म्हणजे पोतंभर चांदी) बक्षीस मिळत होतं.