गाडी तपासायच्या अर्ध्या तासाचे पैसे कोण देणार?

उतारावर एखाद्या डंपरने चार गाड्या उडवल्या की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कारण ठरलेलं असतं, ब्रेक फेल. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका मालवाहू गाडीने अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हाही आधी हेच छापून आलं. नंतर तपासात पुढे आलं की इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये गाडी उतरवली जात होती. ज्यांनी एअर ब्रेकची, म्हणजे हवेच्या दाबावर ब्रेक लागणारी गाडी चालवली आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळतो. इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, आणि कॉम्प्रेसर बंद म्हणजे टाकीत आहे तेवढीच हवा. दर वेळी पेडल दाबलं की त्यातली थोडी खर्च होते. गिअर नाही म्हणून इंजिनही गाडीला धरत नाही, सगळा भार लायनरवर, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांवर येतो, ड्रम तापतात आणि तापलेला लायनर पकडत नाही.

डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्या ड्रायव्हरची बाजू मी घेणार नाही. पण बाकीच्या वेळी खरंच जे ब्रेक जातात, ते त्या उतारावर जात नाहीत. ते आधी कित्येक आठवडे जात असतात आणि कुणी वाकून बघितलेलं नसतं. का बघितलेलं नसतं, यावर मला बोलायचं आहे.

आमच्या पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणपट्ट्यात गाड्या खेपांवर चालतात. खडीच्या क्रशरवर भरायची, साइटवर ओतायची, परत यायचं. ड्रायव्हरचे पैसे बहुतेक ठिकाणी खेपेवर. पहाटे क्रशरवर रांग लागते आणि जो आधी भरतो त्याची दिवसाकाठी एखादी खेप जास्त होते. अशा वेळी गाडीखाली शिरून स्लॅक (ब्रेकचा ढिलेपणा काढणारा चाकाजवळचा दांडा) बघणारा ड्रायव्हर स्वतःच्या खिशातून अर्धा तास घालतो. एका ड्रायव्हरमामांनी मला सरळ विचारलं होतं, "शेठ, खेपा मारू का ग्रीस मारू, एक काय ते सांगा." त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. उत्तर मालकाने द्यायचं असतं, आणि ते पैशात द्यायचं असतं.

पूर्वी या कामाला गाडीवर क्लीनर असायचा. सकाळी उठून टामीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, एकेक टायर ठोकत जायचा. हवा पूर्ण असली की टामी टणकन उडते, टायर बसलेला असला की 'धप्' असा मेलेला आवाज येतो. मागे जोडीने बसवलेल्या टायरांतला आतला बसला तर बाहेरून दिसत नाही, कारण बाहेरचा गाडी उचलून धरतो. दोघांचा भार एकट्यावर आला की तो तापतो आणि भर रस्त्यात फुटतो. रेडियल टायरला ११० ते १२० पाउंड हवा असते, ती फुटते तेव्हा शेजारून जाणाऱ्या दुचाकीवाल्याचं काय होतं ते सांगायला नको. त्याच जोडीत अडकलेला खडीचा दगडही क्लीनरच काढायचा, कारण तो ऐंशीच्या वेगात सुटला तर मागच्या गाडीची काच फोडून आत जातो. आता बहुतेक डंपरवर ड्रायव्हर एकटाच असतो. माणूस कमी केला, पण त्याचं काम कुणाकडे दिलं, हे कुणीच ठरवलं नाही.

आणि काम काही अवघड नाही. ऑइलची पट्टी, कूलंट, दिवे, आरसे, गाडीखाली कुठे ओघळ आहे का, हे सगळे बघतातच. माझा जीव अडकतो तो हवेत. एअर टाकीच्या खालचा ड्रेन ओढला की पाणी येतं, पावसाळ्यात जास्तच. पाण्याबरोबर काळपट तेलाचा चिकटा आला तर कॉम्प्रेसर ऑइल फेकतोय, मेस्त्रीला दाखवायची वेळ झाली. मग हवा पूर्ण भरून इंजिन बंद करायचं, पेडल दाबून धरायचं आणि हवेच्या दाबाच्या काट्याकडे बघत बसायचं. पहिल्यांदा दाबल्यावर काटा थोडा खाली येणारच. त्यानंतर तो डोळ्यांदेखत सरकत राहिला तर कुठेतरी गळती आहे. ती पाईपला आहे, चेंबरला (हवेच्या दाबाने ब्रेकचा दांडा ढकलणाऱ्या डब्याला) आहे की व्हॉल्व्हला, ते शोधल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हवा कमी झाली की बझर वाजतो. त्या आवाजाचा त्रास होतो म्हणून वायर काढून ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या गाड्या शाळा सुटायच्या वेळी गावातून जातात.

त्यानंतर स्लॅक. गाडी सपाटीला उभी, चाकांना दगड लावलेले, हँडब्रेक सोडलेला. चेंबरचा दांडा जिथे स्लॅकला जोडलेला असतो तिथे हाताने जोर लावून ओढायचं. साधारण इंचापेक्षा जास्त हलला तर ब्रेक उतरलेले, म्हणजे ढिले झालेले आहेत. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीला हे जाणवतच नाही, पेडल नेहमीसारखंच लागतं. भरलेली गाडी उतारावर तापली की ड्रम फुगतो, दांड्याला पोचायला जागा उरत नाही, आणि तेव्हा म्हणायचं ब्रेक फेल. नव्या गाड्यांना आपोआप आवळले जाणारे ऑटो स्लॅक आहेत म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना एवढंच सांगतो, ऑटो स्लॅक पुन्हापुन्हा ढिला होत असेल तर तो पान्याने आवळून देऊ नका. आत काहीतरी झिजलंय किंवा अडकलंय, ते आधी उघडून बघा.

व्हील नटच्या खाली गंजाची बारीक लाल रेघ ओघळलेली दिसली तर तो नट ढिला आहे असं धरूनच चालायचं. स्प्रिंगच्या पाट्या आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचंही तेच. हे बघायला कसलंही यंत्र लागत नाही, उजेड लागतो आणि वाकायची तयारी लागते.

डंपरला एक गोष्ट जास्तीची. हौदा उचलून खाली काम करताना जॅकच्या भरवशावर कुणीही आत शिरू नये. हायड्रॉलिकचा पाईप फुटला तर हौदा सांगून खाली येत नाही. ठेपा लावायचा, म्हणजे लावायचाच, ग्रीसचे दोन पंप मारायचे असले तरी. आणि रिकामा करून निघताना हौदा पूर्ण बसला का, ते बघून मगच गिअर टाकायचा. वरून विजेच्या तारा गेलेल्या असतात.

पासिंग झालंय ना, मग कशाला काळजी, असं म्हणणारे बरेच भेटतात. पासिंग म्हणजे फिटनेस तपासणी, ती आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांतून एकदा आणि त्यापुढे दरवर्षी. क्रशरच्या धुळीत आणि साइटच्या खड्ड्यांत चालणाऱ्या गाडीचे ब्रेक तेवढे दिवस थांबत नाहीत. त्यातून तीन ॲक्सलच्या गाडीचं एकूण वजन २०१८ साली २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर नेलं. वजन वाढलं, उतार तेच राहिले. पासिंगपुरते दुसऱ्या गाडीचे टायर चढवून आणणाऱ्यांना माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

माझं म्हणणं असं. सकाळच्या तपासणीला खेपेचा दर लावा. आमच्याकडे दिवसाची पहिली नोंद तपासणीची असते, ड्रायव्हर वहीत लिहून सही करतो आणि तिचे पैसे बाकीच्या खेपांसारखेच मिळतात. त्याने वहीत "गाडी काढू नये" असं लिहिलं तर गाडी निघत नाही, आणि त्या दिवसाची मजुरीही बुडत नाही. ही दुसरी अट नसेल तर पहिलीला काही अर्थ नाही, कारण घरी बसवलं जाईल या भीतीने कुणीच खरं लिहिणार नाही.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कामाच्या तासांची व्याख्या होती. गाडी चालत नसताना तिच्या देखभालीत आणि दुरुस्तीत गेलेला वेळही त्यात कामाचा वेळ म्हणून धरलेला होता. संसदेने साठ वर्षांपूर्वी मान्य केलेली गोष्ट आपण खेपेच्या हिशोबात गिळून टाकली.

आता मालकांना परवडत नाही हेही खरं आहे. दर ठरवतो ठेकेदार, आणि वर्क ऑर्डरमध्ये फक्त टनाचा किंवा ब्रासचा भाव असतो. म्हणून रिंगरोडची, हायवेची, मोठ्या गृहप्रकल्पांची कामं घेणाऱ्यांना माझी जाहीर विनंती आहे. साइटवरच्या माणसाला हेल्मेट नसेल तर तुम्ही गेटवर अडवता. तुमचा माल आणणाऱ्या गाडीची त्या दिवसाची वही बघितल्याशिवाय तिलाही आत सोडू नका, आणि तपासणीच्या वेळेचा भाव वर्क ऑर्डरमध्ये वेगळा लिहा. गेटच्या आत चार गाड्या मावतील एवढी सपाट, मुरूम दाबलेली जागा आणि एक हॅलोजन द्या. पहाटे पाचला मोबाईलच्या बॅटरीत स्लॅक दिसत नाही.